विहीर-बोअरचं पाणी कशामुळे खराब होतंय? नाशिककरांनी स्वतः शोध कसा घ्यायचा

नाशिकमध्ये पाण्याच्या प्रदूषणाचा विषय निघाला की सगळे थेट गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर जातात, रामकुंड, पानवेली, फेस, कुंभमेळा, आणि ते चूक नाहीच, २०२७ चा कुंभ तोंडावर आहे आणि नदीची काय हालत आहे ते रोज दिसतंय. पण मळ्यातली विहीर, सोसायटीचं बोअर, बंगल्याची अंडरग्राउंड टाकी याबद्दल कोणी फारसं बोलत नाही, कारण ते पाणी दिसायला स्वच्छ असतं. मला मनापासून वाटतं की आधी तिथून सुरुवात करायला हवी. नदी सुधारायला महापालिका लागते, शासन लागतं, कोर्ट लागतं, पण आपल्या विहिरीच्या शंभर फुटात काय चाललंय ते बघायला फक्त एक रविवार सकाळ आणि एक मोजपट्टी लागते.

आधी जमिनीखाली काय आहे ते समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं अंदाजपंचे होईल. आपल्याकडे सगळा काळा दगड, बेसाल्ट. वर थोडी माती, मग मुरूम, मग फुटलेला दगड आणि त्याखाली कडक दगडाचे थर. पाणी साठतं ते मुरमात आणि दगडाच्या भेगांमध्ये. वाळूच्या जमिनीत पाणी हळूहळू झिरपतं, गाळलं जातं, घाण मागे राहते. भेगेत तसं काही होत नाही, घाण पाणी एकदा भेगेत शिरलं की न गाळता लांबवर जातं. म्हणून "आमचं बोअर तीनशे फूट आहे, आमचं पाणी मिनरल आहे" हे म्हणण्यात काही अर्थ नाही. बोअर कितीही खोल असू दे, वरच्या तीस-चाळीस फुटातली भेग केसिंगच्या (बोअरच्या वरच्या भागात बसवलेल्या पाइपच्या) बाहेरून आत सुटत असेल तर तुम्ही वरचंच पाणी पिताय.

आणि नदीचं पाणी वेगळं, जमिनीतलं वेगळं असंही नाही. उन्हाळ्यात नदीत जे थोडंफार पाणी वाहतं ते झऱ्यांचं, म्हणजे जमिनीतलंच असतं. उलट नदीकाठच्या विहिरीवर मोठी मोटर लावून दिवसरात्र उपसा केला की विहिरीची पातळी नदीच्या खाली जाते आणि नदीचं पाणी विहिरीकडे ओढलं जातं, मग नदीत जे असेल ते आपल्याकडे येतं. शहराच्या खालच्या अंगाला, एकलहरे, चांदोरी, सायखेडा या पट्ट्यात ज्यांच्या विहिरी काठाला आहेत त्यांनी हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

पहिलं काम, फेरी मारा. विहिरीजवळ किंवा बोअरजवळ उभं राहा आणि उतार कुठून कुठे आहे ते बघा, पाऊस पडला की पाणी कुठून वाहत येतं ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, त्यांना बरोबर माहीत असतं. मग चढाच्या बाजूला जे जे आहे ते वहीत लिहा आणि अंतर मोजा. सेप्टिक टँक आणि त्याचा शोषखड्डा, शेजाऱ्याचा सुद्धा. गोठा, उकिरडा, शेणखताचा ढीग. कपडे-भांडी धुण्याची जागा. औषधं-खतं ठेवायची खोली. जुनं बंद पडलेलं बोअर. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान १८ मीटर म्हणजे साठ फूट लांब हवा असं मानक आहे, आणि आपल्या भेगाळ दगडात तर तेवढंही कधी कधी पुरत नाही. आता खरं सांगा, जिथे ड्रेनेजची लाइन अजून पोचलेली नाही अशा वाढत्या भागात किती बंगल्यांच्या प्लॉटवर साठ फूट जागा तरी आहे? एका कोपऱ्यात बोअर आणि दुसऱ्या कोपऱ्यात सेप्टिक टँक, मध्ये पंचवीस फूट, आणि शेजारच्या प्लॉटवर त्याच भिंतीला लागून त्यांचा शोषखड्डा. तुम्ही तुमचं अंतर नीट ठेवलं तरी शेजाऱ्याचं काय, म्हणून भिंतीपलीकडेही डोकवा, गोडीत विचारा.

बंद पडलेल्या बोअरचं जरा जास्त सांगतो कारण हे सगळ्यात दुर्लक्षित आहे. पाणी लागलं नाही किंवा आटलं म्हणून सोडून दिलेलं बोअर म्हणजे थेट खाली जाणारा पाइप, पावसाचं गढूळ पाणी, गोठ्याचं पाणी, सगळं त्यातून विनाअडथळा खाली जातं. काही लोक तर सांडपाणी मुद्दाम त्यात सोडतात, "खाली जिरतंय ना" म्हणून. ते जिरत नाही हो, ते शेजाऱ्याच्या बोअरमध्ये येतं. असं बोअर वापरात नसेल तर मातीने आणि वरचा भाग काँक्रीटने भरून पक्कं बंद करा, नुसतं गोणपाट बांधून किंवा दगड ठेवून भागत नाही, आणि उघड्या बोअरमध्ये लहान मूल पडण्याचा धोका तर आहेच.

पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडणाऱ्या मंडळींनाही एक विनंती. गच्चीचं पाणी फिल्टर लावून सोडा, पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर काढून द्या, ते चांगलंच आहे. पण पार्किंगचं, अंगणाचं, रस्त्याचं पाणी चुकूनही बोअरमध्ये सोडू नका, गाडीचं ऑइल, कुत्र्यामांजराची घाण, तणनाशक सगळं त्यात असतं. ते पाणी बागेत मातीवर जिरवा, माती तेवढं तरी गाळते.

आता मळ्यातली गोष्ट, आणि निफाड-दिंडोरीच्या द्राक्षवाल्यांनी हे नीट वाचा. ड्रिपमधून खत सोडताना व्हेंच्युरी (पाण्याच्या ओढीने खत पाइपात खेचणारा जोड) किंवा खताची टाकी विहिरीवरच्या पाइपलाइनला जोडलेली असते. टाकीत युरिया, पोटॅश, कधी त्यात औषधही कालवलेलं, मोटर चालू आहे, खत ओढलं जातंय, आणि मध्येच लाइट जाते. मोटर थांबते, पाइपातलं पाणी उलटं विहिरीत उतरायला लागतं आणि त्या ओढीने टाकीतलं खतही मागे खेचलं जातं. टाकीशी उभं राहून बघा, गुडगुड आवाज येतो आणि पातळी हळूहळू खाली जाते, मोटर बंद असताना. ते खत पिकाला नाही गेलं, ते विहिरीत गेलं. यावर उपाय सोपा आहे, मोटर आणि व्हेंच्युरीच्या मध्ये एक चांगला एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, बसवा आणि दर हंगामाला खोलून बघा, त्यात काडीकचरा अडकला की तो पूर्ण बंद होत नाही. फवारणीची टाकी भरताना पण तेच, पाइपचं तोंड औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवू नका, वीतभर वर धरा, मध्ये हवा राहिली की उलटं ओढलं जायचा प्रश्नच येत नाही. आणि ब्लोअर, पंप, औषधाचे डबे विहिरीच्या काठावर धुवायचे नाहीत. धुतलेलं पाणी बागेतच वेलींच्या ओळीत पसरून टाका.

खतांमध्ये सगळ्यात जास्त लांब जाणारा म्हणजे नायट्रेट. मोरचुदातलं तांबं बऱ्यापैकी मातीला चिकटून वरच राहतं, वर्षानुवर्षं बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) मारलेल्या बागेच्या मातीत ते साठत जातं, तो वेगळा प्रश्न. पण नायट्रेट पाण्यात पूर्ण विरघळतं आणि माती त्याला धरत नाही, म्हणून पिकाला लागेल त्यापेक्षा जास्त दिलेला युरिया आणि उघड्यावर पावसात भिजणारा शेणखताचा ढीग यांचं नत्र सरळ खाली विहिरीत उतरतं. हेच नत्र आणि साबणा-सांडपाण्यातलं फॉस्फरस नदीत गेलं की पानवेली माजते, खालच्या नांदूर मधमेश्वरपर्यंत हा त्रास जातो, आणि ते आपल्या राज्यातलं पहिलं रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं) पाणथळ ठिकाण आहे, हे विसरू नका. माती परीक्षण करून खत द्या, एकदम न देता हप्त्यात द्या, जोराच्या पावसाच्या तोंडावर युरिया फेकू नका, आणि शेणखताच्या ढिगावर ताडपत्री टाका व तो विहिरीच्या उताराच्या खालच्या बाजूला ठेवा.

शहरातल्या सोसायट्यांनी बोअरबरोबर अंडरग्राउंड टाकी बघावी. महापालिकेचं पाणी गंगापूर, मुकणे, दारणा या धरणांमधून येतं, शुद्ध होऊन येतं, पण ते चोवीस तास येत नाही. पाणी बंद असताना पाइपात दाब नसतो आणि पाइप गटारीच्या शेजारून गेला असेल व त्याला कुठे भेग असेल तर बाहेरचं पाणी आत शिरतं. म्हणून पाणी आल्यावर पहिली काही मिनिटं वास आणि रंग बघा, गढूळ असेल तर ते टाकीत घेऊ नका. टाकीचं झाकण उघडून टॉर्च मारा. भिंतीवर ओलीची रेघ, मुळं आत आलेली, झाकणाच्या कडेतून पार्किंग धुतलेलं पाणी उतरल्याचे डाग, हे सगळं दिसतं. आणि ड्रेनेज चेंबर टाकीपासून किती लांब आहे ते बघा, काही बिल्डिंगमध्ये दोन्ही झाकणं शेजारी शेजारी असतात, चेंबर तुंबला की ते पाणी जाणार कुठे? पावसाळ्यात एकाच बिल्डिंगमध्ये चार घरांत जुलाब किंवा कावीळ निघाली तर हॉटेलला दोष देण्याआधी हे झाकण उघडा.

शंभर फुटात काही सापडलं नाही तर मग लांब बघा. वरच्या अंगाला नाला आहे का, त्यात बारा महिने पाणी असतं का. पावसाळी नाला एप्रिल-मेमध्येही काळा वाहत असेल तर ते सांडपाणीच आहे, दुसरं काही नाही. आपल्या शहरात नासर्डी, वाघाडी, वालदेवी आणि सरस्वती नाल्यासारखे कितीतरी नाले शेवटी गंगेला नाहीतर दारणेला जाऊन मिळतात. वालदेवी चेहेडीजवळ दारणेला मिळते आणि नाशिकरोडसाठी पाणी तिथल्याच बंधाऱ्यातून उचललं जातं, यावरून कळेल की वरच्यांनी सोडलेलं खालच्यांच्या नळाला कसं येऊ शकतं. नासर्डी सातपूर-अंबड एमआयडीसीच्या बाजूने येते, त्यामुळे तिच्याजवळच्या विहिरींनी फक्त सांडपाण्याची टेस्ट करून थांबू नये, धातूंचीही करावी. प्लेटिंगच्या (धातूवर मुलामा चढवण्याच्या) कामात क्रोमियम, निकेल, जस्त वापरतात, पाण्याला पिवळी झाक दिसली तर क्रोमियमचा संशय घ्याच, आणि झाक नसली म्हणून नाही असंही समजू नका. कचरा डेपो जवळ असेल तर पावसात त्यातून काळं पाणी झिरपतं, ते पण यादीत घ्या.

यानंतर टेस्ट. टीडीएस मीटरवर विसंबून राहू नका, हे मला अगदी ठासून सांगायचंय. दोन-तीनशे रुपयांचं मीटर घेऊन लोक सांगतात "आमचं दोनशे आलं, पाणी एक नंबर". त्या मीटरला जंतू कळत नाहीत, औषधांचा अंश कळत नाही, पाण्यात क्षार जास्त की कमी एवढंच कळतं. दोनशे टीडीएसच्या पाण्यात शौचालयाचे जंतू असू शकतात. गावात असाल तर ग्रामपंचायतीकडे विचारा, जलजीवन मिशनमध्ये फील्ड टेस्ट किट दिलेत आणि गावातल्या पाच महिलांना ते वापरायचं ट्रेनिंग दिलंय. जंतूंसाठी छोटी बाटली असते, पाणी भरून ठेवायचं, २४ ते ४८ तासांत काळं झालं तर पाणी दूषित. पण पक्का आकडा हवा असेल तर लॅब, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची लॅब आहे, सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा आहे, खाजगी मान्यताप्राप्त लॅब पण आहेत, आधी फोन करून फी आणि बाटली कशी आणायची ते विचारा.

सॅम्पल चुकीचं घेतलं तर रिपोर्टला काही किंमत नाही. मोटर निदान दहा मिनिटं चालू द्या म्हणजे पाइपातलं शिळं पाणी निघून जाईल. केमिकल टेस्टसाठी एक-दोन लिटरचा स्वच्छ कॅन त्याच पाण्याने तीनदा खंगाळून गच्च भरा. जंतूंच्या टेस्टसाठी लॅबनेच दिलेली निर्जंतुक बाटली वापरा, ती खंगाळायची नाही, आत बोट लावायचं नाही, नळाचं तोंड आधी पुसून आणि धातूचा नळ असेल तर ज्योतीने तापवून घ्या, बाटली काठोकाठ न भरता थोडी रिकामी ठेवा, बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवा. आदल्या दोन-तीन दिवसांत विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलं असेल तर तेव्हा सॅम्पल घेऊ नका, आणि खरं म्हणजे एकदा मेमध्ये आणि एकदा पावसाळा संपल्यावर अशी वर्षातून दोनदा टेस्ट हवी, कारण मेमध्ये पाणी कमी असल्याने क्षार दाट होतात आणि पावसात वरची घाण आत येते, दोन वेगळी चित्रं दिसतात.

रिपोर्ट हातात आला की आकडे नुसते लिमिटशी ताडून ठेवून देऊ नका, कशाच्या जोडीला काय वाढलंय ते बघा. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात नायट्रेट ४५ मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत चालतं, त्यावर सूट नाही. टीडीएस ५०० पर्यंत चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत. ई कोलाय, म्हणजे शौचातून येणारे जंतू, १०० मिलिलिटरमध्ये एकही नको. आता, नायट्रेट वाढलंय, क्लोराइड वाढलंय आणि ई कोलाय पण आहे, तर बहुतेक सेप्टिक टँक किंवा गटार. नायट्रेट खूप आहे पण जंतू नाहीत आणि आजूबाजूला बागा आहेत, तर खताकडे बघा. पावसात जंतू येतात आणि हिवाळ्यात गायब होतात, तर वरचं पाणी केसिंगच्या कडेने किंवा विहिरीच्या कठड्यावरून आत जातंय, तिथे काँक्रीटचा ओटा करा, कठडा उंच बांधा. फक्त हार्डनेस जास्त आहे बाकी सगळं ठीक आहे, तर ते बऱ्याचदा आपल्या दगडाचंच असतं, कोणाला दोष देऊ नका. हे पुरावे नाहीत, दिशा आहे, पण फेरी मारून केलेल्या वहीतल्या यादीशी जोडलं की बरंच उलगडतं.

कारण सापडून ते दुरुस्त होईपर्यंत पाणी तर प्यायचंच आहे. जंतू असतील तर उकळून प्या, किंवा विहिरीत टीसीएल टाका. हिशोब सोपा आहे, व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले ०.७८५, सगळं मीटरमध्ये, आलेल्या आकड्याला हजाराने गुणलं की लिटर. ६ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर साधारण १ लाख १३ हजार लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम धरलं तर साडेपाचशे-पावणेसहाशे ग्रॅम पावडर. ती सरळ आत फेकायची नाही, बादलीत कालवून चुना खाली बसू द्या आणि वरचं पाणी विहिरीत सोडून बादलीने ढवळा. अर्ध्या तासाने ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून क्लोरीन बघायची टेस्ट) करा, पिवळं आलं तर क्लोरीन शिल्लक आहे. पावडर ताजी आणि कोरडी हवी, फुटलेल्या पोत्यातली दमट पावडर निरुपयोगी असते.

पण नायट्रेट असेल तर उकळू नका. उकळल्याने पाणी उडतं आणि नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे उलट दाट होतं. टीसीएल आणि यूव्ही फिल्टरचाही त्यावर उपयोग नाही, आरओने कमी होतं. घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि त्याला वरचं दूध चालू असेल तर हे पाणी दुधाच्या पावडरीत अजिबात वापरू नका, नायट्रेटमुळे बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी होते, ओठ-नखं निळी पडतात, आणि ते जिवावर बेतू शकतं. धातू आले असतील तर घरगुती उपाय शोधत बसू नका, ते पाणी पिण्या-स्वयंपाकाला बंद.

कारण तुमच्या कुंपणाबाहेर निघालं तर तक्रार करा आणि ती लेखीच करा. कारखान्याचं पाणी असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, त्यांचं नाशिकला प्रादेशिक कार्यालय आहे. गटार-नाल्याचं असेल तर महापालिका नाहीतर ग्रामपंचायत. तारीख-वेळ-ठिकाण येईल असे फोटो काढा, पाणी कुठून येतंय ते पाइपचं तोंड फोटोत घ्या, नुसता फेस नको. लागोपाठ काही दिवस नोंद ठेवा, पाणी कधी सोडतात त्याची वेळ कळली तर अधिकाऱ्यांना त्या वेळेला बोलावता येतं. हे महत्त्वाचं यासाठी की तुम्ही भरलेली बाटली कोर्टात चालत नाही, कायद्याप्रमाणे मंडळाच्या अधिकाऱ्याने रीतसर घेतलेला नमुनाच धरला जातो. अर्जात १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचा उल्लेख करा, त्यात नदीनाल्याबरोबर विहीर आणि भूगर्भातलं पाणीही येतं, त्यामुळे "हे तर बोअरचं आहे, आमच्याकडे येत नाही" असं कोणी म्हणालं तर ऐकून परत येऊ नका. अर्जाची पोच घ्या, शिक्का मारून. काही हललं नाही तर माहिती अधिकारात कारवाईचा अहवाल मागा, आणि त्यापुढे राष्ट्रीय हरित लवादाचं खंडपीठ पुण्यात आहे. एकट्याने न जाता आजूबाजूच्या पाच-दहा विहिरींचे रिपोर्ट गोळा करून एकत्र सह्या करून गेलात तर फार फरक पडतो, कारण मग ते एका घराचं गाऱ्हाणं राहत नाही, कोणत्या बाजूने पाणी खराब होत आलंय ते नकाशावर दिसतं.

दुरुस्ती झाली म्हणजे शोषखड्डा हलवला, एनआरव्ही बसवला, जुनं बोअर बुजवलं, तरी लगेच पुढच्या आठवड्यात टेस्ट करून निराश होऊ नका. विहिरीचे जंतू एकदा उपसा आणि टीसीएल केलं की लवकर जातात, पण भेगांत आणि मुरमात मुरलेलं नायट्रेट निघायला पावसाळे जावे लागतात, त्यामुळे त्याची टेस्ट दिवाळीनंतर घ्या आणि मागच्या दिवाळीच्या रिपोर्टशी ताडून बघा, मेच्या रिपोर्टशी नाही. तोपर्यंत पिण्यासाठी वेगळी सोय चालूच ठेवा.